मामांनी केळं खाल्लं

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीला आमचे मामा जेवढे भ्याले, तेवढं अख्ख्या जोयडा तालुक्यात दुसरं कुणी भ्यालं नसेल. दिसणाऱ्या गोष्टींचं त्यांना काही नव्हतं. परड्यात अस्वल आलं तर 'हाड हाड' करून हाकलायचे आणि परत येऊन उरलेला चहा प्यायचे. मामा म्हणजे माझ्या आत्तीचे, म्हणजे आत्याचे, यजमान. आमच्या भागात आत्तीच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. नंदिगड्ड्याला त्यांची भातशेती, आणि पूर्वी जत्रांना, लग्नांना गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचा धंदा. एकदा गावच्या शाळेत एक साहेब किरणोत्सर्गाची माहिती सांगायला आले. बिचारे धीर द्यायला आले होते. "घाबरू नका, हे किरण सगळीकडेच असतात. दगडात, मातीत, केळ्यात, जुन्या गॅसबत्तीच्या जाळीत, तुमच्या-आमच्या हाडांतसुद्धा असतात. मात्रा किती, हे महत्त्वाचं," असं ते म्हणाले. सगळा गाव निर्धास्त होऊन घरी गेला. मामा एकटे पांढरेफटक होऊन आले आणि आत्तीला म्हणाले, "अगं, सगळीकडं हाय म्हणं की ग ते!"

त्या दिवसापासून घराची घडी बदलली. गॅसबत्तीच्या जुन्या जाळ्या ट्रंकेत गेल्या, ट्रंक गोठ्याच्या मागं गेली. फेकून द्या म्हटलं तर म्हणायचे, "कुठं फेकू? नदीत टाकलं तर सुप्याच्या धरणात जाईल, मग सगळा मुलूख पिईल." वडिलांचं अंधारात चमकणारं घड्याळही त्याच ट्रंकेत गेलं, आणि वेळ बघायला मामा शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊ लागले. त्या साहेबांकडून त्यांनी तीन नियम उचलले होते: लांब राहायचं, जवळ बसलंच तर लवकर उठायचं, मधे आडोसा ठेवायचा. हे नियम त्यांनी पाहुण्यांनाही लावले. व्याही जेवायला आले तर त्यांचा पाट भिंतीपलीकडं. व्याह्यांना तो अपमान वाटला. त्यांची समजूत घालताना आत्तीच्या नाकी नऊ आले.

त्यात मुलानं बेंगळुरूहून किरण मोजायचं मीटर पाठवलं आणि माकडाच्या हातात कोलीत मिळालं. खिशात टिकटिक घेऊन मामा फिरायचे. रामनगरला आमच्या घरी आईनं हौसेनं ग्रॅनाइटचा ओटा करून घेतला होता. मामांनी त्यावर मीटर धरलं, टिकटिक जरा वाढली, आणि ते गंभीर होऊन म्हणाले, "वैनी, सैपाक जरा लांबनं करत जावा." आई कसली ऐकते! "मग पळी काय जोयड्यातनं हलवू?" म्हणाली. बाजारात केळीवाल्याच्या घडांवरही त्यांनी मीटर फिरवलं. ते ढिम्म हललं नाही. मामांना वाटलं, "लई बारीक हाय, ह्येला कळंना." केळीवाल्याला काय वाटलं, ते त्यानं कन्नडमधून, मराठीतून आणि शेवटी कोकणीतून सांगितलं.

केळ्यांचा हा वनवास मात्र आत्तीच्या मनाला लागला. तिच्या परसात केळी अशी यायची, की घड टेकू लावून धरावे लागत. सगळ्या नंदिगड्ड्यानं ती खाल्ली. नवऱ्यानं एक तोंडाला लावलं नाही. ती काही बोलायची नाही. तशी त्या दोघांत बोलचाल कमीच. गावाला तासभर किरण समजावणारा हा माणूस बायकोशी बोलताना 'चहा', 'जेवण' आणि 'लाइट गेली' यापुढं जात नसे.

मागच्या वर्षी आत्ती वाळायला लागली. हात थरथरायचे, छाती धडधडायची, भरलेली कळशी उचलेना. बेळगावच्या डॉक्टरनं गळ्यातल्या थायरॉईडचं दुखणं शोधून काढलं आणि सांगितलं, "किरणोत्सर्गी आयोडीनची गोळी घ्यायची. ते गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसतं, तिथंच काम करतं, आणि थोड्या दिवसांत ओसरतं." आत्ती ताडकन उठली. "ह्यो माणूस इतकी वर्सं जे लांब ठेवा म्हणून बोंबलालाय, तेच मी गिळू? मेले तरी न्हाई!"

मामांनी डॉक्टरला एवढे प्रश्न विचारले, की बाहेरचे पेशंट दार ढकलायला लागले. त्यांची खात्री पटली, आत्तीची पटेना. दिवस जात होते आणि तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. शेवटी बाबांनी समजवायला मला पाठवलं. आत्तीनं चहा दिला तर बशीत कप नाचत होता. मामा तिला म्हणाले, "अगं, मात्रा बघायची असती. डॉक्टर सांगतोय न्हवं?" आत्ती म्हणाली, "मात्रा? माज्या हातचं केळं खाल्लं न्हाईसा तुमी, आणि मला शिकवतासा?"

मामा तसेच उठले. परसात गेले, पिकल्या घडाची एक फणी कापून आणली आणि ओसरीवर मांडी घालून बसले. पहिलं केळं त्यांनी डोळे मिटून, एरंडेल घ्यावं तसं गिळलं. दुसऱ्याला एक डोळा उघडला. तिसऱ्याला म्हणाले, "गोड हायत की गं!"

"इतकी वर्सं काय कडू हुती?" आत्ती म्हणाली.

मामा थांबेनात. चौथं, पाचवं. "गोळी घेतो म्हण, मग थांबतो." सहाव्याला त्यांना उचकी लागली. आत्ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली आणि ओरडली, "घेते! घेते बाई! आता थांबवा ते, उद्या बेळगावच्या गाडीत बसायचं हाय तुमाला!"

बेळगावहून आत्ती गोळी गिळून आली, तेव्हा तिला काही दिवस माणसांपासून लांब राहायला सांगितलं होतं. त्यांच्याकडं राहणाऱ्या छोट्या नातीला आमच्याकडं रामनगरला आणलं. आत्तीची भांडी वेगळी, अंथरूण माजघराबाहेर ओसरीवर. शेजारची म्हातारी डोकावून म्हणाली, "अगं बया, ह्या वयात बाहेर बसलीस व्हय!" आणि मामांचा मुक्काम अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, फणसाखाली. तिथून हळू बोललेलं पोचत नाही, म्हणून ओरडावं लागे. ओरडून ओरडून त्यांनी गळा दुखतो का विचारलं, पेज गिळवते का विचारलं. मग विचारायचं संपलं तर जुनं काढलं. "लग्नात तुजी साडी हिरवी हुती!" "जांभळी हुती, हिरवी तुमच्या भनीची!" सगळी गल्ली कामं टाकून ऐकायची.

मुदत सरली. आत्तीच्या हाताची थरथर हळूहळू कमी होत गेली. पुढं ती कळशीही उचलायला लागली. लांब राहायचं संपलं त्या संध्याकाळी मी नातीला पोचवायला गेले होते. मामा अंग धुऊन आले आणि आत्तीशेजारी ओसरीवर बसले. बसले ते बसलेच. बराच वेळ गेला, तोंडातून शब्द नाही. आत्तीनं वाट बघितली आणि म्हणाली, "अवो, फणसाखाली जाऊन बसा बघू. तिथनं बरं बोलत हुता."

मी हसले. मामा मात्र खरंच उठले, अंगण ओलांडून पलीकडं गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. मग तिथूनच ओरडले, "लई भ्यालो हुतो गं मी!"

आत्तीनं पदरानं डोळे टिपले. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "या आता हिकडं."