दोन घोड्यांची पंगत

मलकपेठच्या एका तबेल्यात वैजनाथकाका तीस वर्षं घोडे सांभाळतात. रोज सकाळी ते ताजी लीद हातावर कुस्करतात, वास घेतात आणि घोड्याचं पोट कसं आहे ते सांगतात. मी जनावरांची डॉक्टर. तेच कळायला मला प्रयोगशाळा लागते.

दौड वाढली की घोड्याच्या आतड्यातले जिवाणू बदलतात. यीस्टची पूड दिली तर ते सावरतात का, हे मला पाहायचं होतं. कप्तान आणि मखमल या दोन घोड्यांना सारखीच दौड, सारखाच चारा. पूड मात्र फक्त कप्तानला. सहा आठवड्यांनी निकाल आले, तर दोघांचे जिवाणू अगदी सारखे! माझं डोकंच फिरलं.

“काका, मखमललाही पूड दिलीत?”

“हौ, दिलो की. रोज अर्धी-अर्धी. शेजारी-शेजारी बांधलेले दोघं. एकाच्या पुढ्यात वाढायचं अन् दुसऱ्यानं बघत बसायचं? आमच्याकडं पंगतीत असं कधी झालं नाही, डॉक्टरबाई.”

मी नको नको ते बोलले.

प्रयोग नव्याने सुरू केला. या वेळी मखमलसाठीही कप्तानच्या पुडीच्या डब्यासारखाच डबा आणला, म्हणजे पंगतीत दोघांनाही वाढता येईल. आत नुसता बारीक कोंडा. काकांनी दोन्ही डबे उघडून हुंगले आणि मखमलच्या मानेवरून हात फिरवला.

“तुम्ही सांगता तसंच देतो,” ते हळूच म्हणाले. “पण डॉक्टरबाई, वास त्यालाबी येतो.”