बसाल्टची चिठ्ठी

आमच्या मामांनी एकतीस वर्षं दगडांच्या संग्रहालयात माहितीच्या चिठ्ठ्या लिहिल्या. साहेबांनी कच्चं खरडायचं, मामांनी टाकाने सुवाच्य उतरवायचं आणि साहेबांनी न वाचता सही ठोकायची, अशी तिथली विद्वत्तेची वाटणी होती. पुढे संगणक आला, तरी साहेबांना अक्षर मामांचंच लागे.

एकदा एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी बसाल्टच्या कपाटापाशी विचारलं, "हा दगड पृथ्वीच्याही आधीचा कसा हो?" मामांनी सहा कोटी वर्षांची सहाशे कोटी केली होती. चिठ्ठी आठ वर्षं तिथे होती. तिच्यासमोर उभं राहून तीन साहेबांनी पाहुण्यांना ज्ञान पाजलं होतं. चूक मात्र एकट्या मामांची निघाली.

आता हातातला टाक जाणार, हे मामांनी ओळखलं. त्यांना दुसरं काही येतही नव्हतं. दोन दिवस इंग्रजी शब्दांच्या मुळांचा जाडजूड कोश चाळून ते साहेबांपुढे उभे राहिले.

"साहेब, बसाल्ट हा शब्दच नकलेतली चूक आहे. जुन्या रोमन ग्रंथात कसोटीच्या दगडाला बसानाइट म्हणत. नक्कल करताना कुणाच्या तरी हातून त्याचं बसाल्ट झालं, आणि सगळ्या विद्वानांनी तेच उचललं. त्याला कुणी मेमो दिला नाही."

"तो सापडला नाही," साहेब म्हणाले. "तुमचं अक्षर ओळखू येतं."

बदली फाटकावर झाली, नोंदवहीपाशी. हुकूम साहेबांनी कच्चा लिहिला आणि शिरस्त्याप्रमाणे स्वच्छ प्रतीसाठी मामांच्याच टेबलावर पाठवला. मामांनी तो घरी आणला.

मामी म्हणाली, "अहो, तुमच्या जागी साहेबांचं नाव घाला. वाचतात कुठे मेले? बसू देत तेच फाटकावर."

"चूक होते. करायची नसते," मामा म्हणाले.

मला त्यांचा भयंकर राग आला, अजूनही येतो. स्वतःचं नाव तर त्यांनी इतकं सुबक काढलं, की लग्नपत्रिकेत शोभावं. मग कच्च्या कागदाशी तीनदा ताडून पाहिलं.

सोमवारी ते फाटकावर रुजू झाले. तिथल्या वहीत येणारा माणूस आपलं नाव आपणच लिहितो. मामांनी फक्त पेन पुढे करायचं.