गाळात उभं राहून सांगितलेला नियम

माझे यजमान गेल्यावर घरी जो येई त्याला ते का गेले हे माहीत असे. माहीत नव्हतं ते फक्त मला. कोणी प्रारब्ध म्हणे, कोणी म्हणे चांगली माणसं देवालाही हवी असतात. एकाने तर हे मागच्या जन्मीचं देणं होतं असं सांगितलं आणि दुसरा चहा मागितला. जबलपूरला विजय नगरमधल्या आमच्या छोट्या स्वयंपाकघरात कप विसळताना मी ही कारणं ऐकायची आणि मनातल्या मनात एकेक खोडून टाकायची. देवघरात दिवा लावणं मी थांबवलं होतं. विसरून नव्हे, ठरवून. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्यापुढे हात जोडणं मला खोटेपणाचं वाटत होतं.

त्या लोकांचा मला राग यायचा, पण माझीही एक खात्री होती आणि ती त्यांच्याहून लहान नव्हती. मी आयुष्यभर कॉलेजात भूगोल शिकवला. नदी म्हणजे उतारावरून वाहणारं पाणी. ती कोणाला नेत नाही आणि कोणाला आणत नाही. आभाळात ऐकणारं कोणी नाही, हे मी आता पुराव्यानिशी जाणते, असं मला वाटत होतं. पुरावा म्हणजे घरातली ती रिकामी खुर्ची.

नर्मदेच्या ग्वारीघाटावर रीतीप्रमाणे सगळं झालं. मात्र मी थोड्या अस्थी स्टीलच्या एका डबीत मागे ठेवल्या होत्या. तिलवारा घाटाच्या पुढे काठापासून जरा आत वाळूचं एक बेट आहे. रविवारी हे थर्मास घेऊन तिथे जायचे आणि पाणकावळे बघत बसायचे. माझ्या मते त्यांची जागा घाटावरच्या गर्दीत नव्हती, तिथे होती. माझ्या नणंदबाई, सुमनताई, रांझीला राहतात. डबी बघून आणि मी एकटीच बेटावर जाणार हे ऐकून त्या हादरल्याच.

"वहिनी, अस्थी अशा घरात ठेवत नाहीत. अन् एकट्या काहून जाऊन राहिल्या? एखादी होडी करा, माणूस सोबत न्या."

"मला नदी कळते, ताई."

"तुम्हाला सगळंच कळते बा," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागल्या. त्यांचाही तो भाऊच होता. पण तेव्हा माझ्या दुःखात दुसऱ्या कोणाला जागा नव्हती.

थंडीचे दिवस होते, ऊन कोवळं होतं. काठ आणि बेट यांच्यामधून नदीची एक उथळ धार वाहते. ती मी साडी वर धरून सहज ओलांडली; पाणी घोट्याच्या वर आलं नाही. वरच्या धरणातून पाणी सोडतात तेव्हा ही धार फुगते, पण ते संध्याकाळी, असं मला पक्कं ठाऊक होतं. बेटाच्या टोकाशी जाऊन मी डबी उघडली. मंत्र म्हटला नाही. "त्यांना नेलंस ना? मग हेही घे," एवढंच म्हणाले. नदीला कळत नाही असं मानणारी मी नदीशीच बोलत होते, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

परतताना आल्या वाटेने न जाता मी जवळची वाट धरली. समोर वाळलेल्या, भेगा पडलेल्या करड्या मातीचा पट्टा होता. अशा पट्ट्याच्या वर पापुद्रा असतो आणि खाली लोण्यासारखा गाळ, हे मी वर्गात कितीदा फळ्यावर काढून दाखवलं असेल. तरी पाऊल टाकलं. पहिला पाय गुडघ्यापर्यंत गेला, तो काढायला दुसऱ्यावर भार दिला तर तो मांडीपर्यंत. जितकी धडपड करावी तितका गाळ आवळत होता. फोन पिशवीत होता आणि पिशवी बेटाच्या त्या टोकाशीच राहिली होती. मग माझं लक्ष मधल्या धारेकडे गेलं. ती रुंद झाली होती. मघाशी कोरडे दिसलेले दगड आता दिसत नव्हते. पाणी संध्याकाळीच सोडतात ही माझी खात्री भर दुपारी माझ्या डोळ्यांदेखत बुडत होती.

मी ओरडले. काठावर कोणी नव्हतं. पुन्हा ओरडले, आणि त्या हाकेत शब्द नव्हते, नुसतं "आई गं" होतं.

"नर्मदे हर! अरे माताजी, उधर क्या कर रही हो?"

काठावरच्या पायवाटेवर एक बाई उभी होती. पांढरी साडी, खांद्याला पडशी, हातात काठी. परिक्रमेला निघालेली. नर्मदेला उजव्या हाताला ठेवून तिला पूर्ण वळसा घालणारे असे यात्रेकरू इथे रोज दिसतात. ही त्या वाटेने भेडाघाटाकडून जबलपूरकडे चालली होती.

"पाय रुतलेत! निघत नाहीत!" मी मराठीतच ओरडले.

"थांबा, आली मी," ती म्हणाली, आणि पडशी खाली ठेवून पाण्याकडे निघाली.

त्यानंतर मी जे बोलले त्याचं मला आजही हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. परिक्रमेविषयी मी पुष्कळ वाचलं होतं. परिक्रमा करणाऱ्याने नर्मदा ओलांडायची नसते. उपनदी चालते, पण नर्मदेतूनच फुटलेली धार ही नर्मदाच. ती ओलांडली की परिक्रमा खंडित. मांडीभर गाळात उभी राहून मी हात वर करून सांगू लागले, "येऊ नका! ही मैयाचीच धार आहे! तुमची परिक्रमा तुटेल! दुसऱ्या कोणाला तरी बोलवा!"

ती पाण्याच्या कडेला थबकली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "कोणाले बोलवू? त्या बगळ्याले?"

"पण नियम..."

"बाई, तुम्ही तिथं गाळात उभ्या राहून मले नियम काहून शिकवून राहिल्या? गप बसा जराशा."

आणि तिने नमस्कार करून धारेत पाय घातला. पाणी तिच्या गुडघ्यांवर आलं, मग कमरेवर. मधे एकदा ती कोलमडली, काठी सुटता सुटता राहिली. बेटावर चढून माझ्याजवळ आली तेव्हा थरथर कापत होती.

"कसं काढाचं असते, तुम्हाला माहीत आहे काय?" तिने विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

"मले पण नाही. पाहू आता."

आधी तिने काठी दिली आणि ओढलं. मी तसूभर हलले नाही, उलट तीच धपकन बसली. शिवी हासडली, लगेच जीभ चावून "नर्मदे हर" म्हणाली. मग अंगावरची जाड चादर गाळावर पसरली आणि मला तिच्यावर पालथी पडायला लावलं. "लाज काहाची? आडव्या व्हा!" मी पालथी झाले. ती काखेत हात घालून ओढत राहिली, मी बोटांनी गाळ उकरत राहिले, आणि कधीतरी एक पाय चपलेला तिथेच सोडून वर आला. मग दुसरा. परत येताना धार आमच्या छातीशी होती. आम्ही एकमेकींना घट्ट धरलं होतं. कोण कोणाला नेतंय हे कळत नव्हतं. भूगोलाची प्राध्यापिका म्हणून नव्हे, एक बुडायला आलेली बाई म्हणून मी त्या पाण्याला म्हणत होते, आता तुझ्या हातात आहे. असं मी कधी कोणाला म्हटलं नव्हतं.

काठावर उन्हात बसून आम्ही दोघी कितीतरी वेळ नुसत्या कुडकुडत होतो. ती मूळची वर्ध्याकडची निघाली. मी अस्थींचं सांगितलं. आता हीही मला कारण सांगणार म्हणून मी मन घट्ट केलं. तिने माझा चिखलाने भरलेला हात हातात घेतला आणि म्हणाली, "वाईट झालं, बाई." पुढे काही नाही. प्रारब्ध नाही, देवाची मर्जी नाही. इतक्या दिवसांत एवढंच कोणी म्हटलं नव्हतं. मी तिथे पहिल्यांदा मोठ्याने रडले.

रडून झाल्यावर विचारलं, "आता तुमच्या परिक्रमेचं काय?"

"मले नाही माहीत."

"तुटली असेल तर?"

"तुटली असंल त पुन्हा करीन. नसंल तुटली त पुढं जाईन. चालाचं त दोन्हीत हाये."

"मले नाही माहीत" हे तिने असं म्हटलं, जसं कोणी ओझं खाली ठेवावं. मी इतकी वर्षं वर्गात उभी राहिले, पण हे वाक्य माझ्या तोंडून निघायला नेहमी जिवावर आलं. मी तिला घरी चला म्हणून खूप आग्रह केला. तिने ओली साडी पिळली, पडशी उचलली, नदी उजव्या हाताला धरली आणि चालू लागली. नाव विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

पुढच्या रविवारी रांझीला गेले आणि सुमनताईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं आणि एक धपाटाही घातला. त्यांचे यजमान शास्त्र जाणणारे. ते पानावरूनच म्हणाले, "परिक्रमा खंडित झाली. यात दुमत नाही. आणि वहिनी, मैयानेच त्या बाईला धाडलं, हे तरी आता मान्य कराल ना?"

पूर्वी मी एक तर वाद घातला असता, नाहीतर मान खाली घातली असती. मी म्हणाले, "भाऊजी, तिला कोणी धाडलं ते मला माहीत नाही. तिची परिक्रमा तुटली की नाही, तेही माहीत नाही. आणि माफ करा, ते तुम्हालाही माहीत नाही. ती आली, एवढं मात्र मी पाहिलंय."

"अच्छा! म्हणजे शास्त्रालाही माहीत नाही?"

"शास्त्र त्या वेळी गाळात होतं, भाऊजी. माझ्यासोबत."

सुमनताईंना इतकं हसू आलं की हातातली पळी कढीत पडली.

देवघरात मी पुन्हा दिवा लावते. माझं भांडण मिटलं, असं कोणी समजू नये. कारणं सांगणाऱ्यांना मी अजूनही दारातूनच वाटेला लावते, आणि आभाळ रिकामं आहे असं ठासून सांगणाऱ्या मलाही आता तीच वाट दाखवते. शरण जाणं म्हणजे मान तुकवून सगळं पटवून घेणं, असं मी समजत होते. म्हणून मला त्याची चीड होती. आता वाटतं, आपल्याला कळतं त्याहून जास्त कळल्याचा आव सोडला की तेवढं पुरे आहे. उरलेली मान ताठ ठेवायला हरकत नसावी. त्या बाईचे उपकार माझ्यावर आहेत, आणि जिच्या पाण्यातून ती चालत आली तिचेही. संध्याकाळी कधी तिलवाराला जाते, पायरीवर उभी राहते आणि हात जोडून म्हणते, मैया, त्यांना का नेलंस ते मला कळलेलं नाही. पटलेलं तर मुळीच नाही. तुझं तू जाण.