दुसऱ्या लग्नातला फोड

मी एकाच नवऱ्याशी दोनदा लग्न केलं आणि दोन्ही वेळा ओठावर फोड घेऊन बोहल्यावर चढले.

लगेच भुवया उंचावू नका. माझं सासर तंजावरच्या मराठी मंडळींचं, पिढ्यान्‌पिढ्या चेन्नईत मुरलेलं. इकडे पुरुषाला साठ वर्षं पूर्ण झाली की त्याचं पुन्हा लग्न लावतात. होम, हार, मंगळसूत्र, जेवणावळ, सगळं साग्रसंगीत. फक्त बायको तीच! (बदलून मिळत नाही. ह्यांनी भटजींना विचारून पाहिलं.)

मला जरा ताण आला की ओठाच्या कोपऱ्यावर तापाचा फोड उठतो. पहिल्या लग्नात तो अगदी मुहूर्त साधून आला. त्या अल्बमभर मी तोंडाला पदर लावून बसले आहे. सासरचे नातेवाईक अजून म्हणतात, नवरी काय लाजाळू होती! त्या गैरसमजावर मी इतकी वर्षं संसार रेटला. पण या वेळी मला उघड्या तोंडाचा, हसरा, स्वच्छ ओठांचा एक तरी फोटो हवाच होता.

माझी नणंद मालती अड्यारला राहते आणि मोबाइलवर वाचून डॉक्टर झाली आहे. खऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं की हा विषाणू अंगात दडून बसलेला असतो, ओठ चुरचुरला की लगेच मलम लावा. इतका साधा उपाय कोण ऐकतो! मालतीनं लायसिनच्या कॅप्सूल आणल्या, झिंकच्या गोळ्या आणल्या आणि वर पथ्य सांगितलं. शेंगदाणे, तीळ, काजू, खोबरं, सगळं बंद. त्यातलं आर्जिनिन म्हणे फोडाला खाऊ घालतं. मी माहेरची सांगलीची. दाण्याचं कूट सोडताना मला सासरी निघताना आलं नव्हतं एवढं रडू आलं. मग एकटीनंच का सोसायचं, म्हणून मी घरात नारळच येऊ दिला नाही.

वेस्ट मांबलममधल्या फ्लॅटमध्ये चटणीशिवाय इडली! ह्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. सासूबाईंनी ताटली सरकवून विचारलं, "फोड तुझ्या ओठास, आणि उपास आमच्या तोंडास?"

मी बधले नाही. उलट लग्नाच्या पंगतीतूनही नारळ आणि काजू काढायला मी आचाऱ्याला सांगून आले, म्हणजे मोहच नको. त्यानं हळूच विचारलं, अम्मा, जेवण लग्नाचंच आहे ना, की तेराव्याचं?

आणि लग्नाला दोन दिवस असताना ओठ चुरचुरला. मलम कपाटात होतं. पण आता मलम लावलं तर चटणीबंदीचा जाब घरादाराला कोण देणार? मी मालतीला फोन केला. ती म्हणाली, "वैनी, झिंक वाढव."

वाढवलं. लग्नाच्या दिवशी मंगळसूत्र बांधेपर्यंत मला उपवास होता, तरी सकाळी मी दोन गोळ्या रिकाम्या पोटी गिळल्या. (रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळू शकते, असं डबीवर लिहिलं होतं. ते मी संध्याकाळी वाचलं.) होमाचा धूर, भरजरी साडी, पोटात ढवळाढवळ. ह्यांनी मंगळसूत्र हातात घेतलं, आणि मी तोंडावर हात दाबून मांडवातून पळाले.

ओकून परत आले तर बायकांच्या डोळ्यांत नको ती चमक. एका आत्याबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवत, आंबट काही हवं का, असं प्रेमानं विचारलं. सासूबाईंनी आपल्या मुलाकडे असं काही पाहिलं की साठीचा नवरदेव कानापर्यंत लाल झाला!

एवढ्यात मालती कानाशी लागली. फोड फुगला होता, म्हणून फोटोपुरता मी पदर घ्यावा, असं तिचं म्हणणं. फोटोग्राफरनंही दिलासा दिला की तो कॉम्प्युटरवर फोड साफ पुसून टाकेल. माझं डोकंच सटकलं. ज्या फोडासाठी मी कूट सोडलं, घर उपाशी मारलं, भर मांडवात डोहाळे लागलेली ठरले, तो आता लपवू?

"एकदा लपवला तेवढा पुरे," मी म्हणाले. "हा माझा फोड आहे. फोटोत येईल, आणि कोणी पुसायचा नाही."

मंगळसूत्र बांधून झालं. आचाऱ्यानं माझं काडीचंही ऐकलं नव्हतं, देवा, किती बरं वाटलं! मी चटणी तीनदा मागून घेतली आणि काजू घातलेलं पायसम वाटीनं प्यायले. पण प्रत्येक फोटोच्या वेळी कोणी ना कोणी पदर सुचवत होतं, आणि मी प्रत्येकाला जागच्या जागी उत्तर देत होते.

परवा फोटो आले. फोड ठसठशीत आला आहे, पण तो कोणालाच दिसत नाही. एकूण एक फोटोत मी कोणाला तरी सुनावते आहे, आणि माझा जबडा इतका उघडा आहे की दाढेत भरलेली चांदी चमकते. शेवटी घरात कोणी नाही असं बघून मीच फोटोग्राफरला फोन केला आणि काही करता येईल का, म्हणून विचारलं.

"फोड पुसता येतो, अम्मा," तो अदबीनं म्हणाला. "तोंड बंद करता येत नाही. सरांनीही कालच विचारलं होतं."