नाळ परत देण्याच्या बोलीवर

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझा सगळा जीव एका नाळेत अडकला होता. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर साखरेच्या साखळ्यांची बारीक लव असते. तिच्यामुळे रक्त सुरळीत वाहतं. कुठे सूज आली, की पांढऱ्या पेशींना थांबायची जागाही अशाच साखळ्या दाखवतात. मला त्यांचाच अभ्यास करायचा होता, आणि या पेशी मिळतात बाळाच्या नाळेतून. आधीच्या दोन नाळा जंतू लागून वाया गेल्या होत्या. सरांनी सरळ सांगितलं, "या वेळी पेशी वाढल्या नाहीत तर विषय बदल."

नेमकी तेव्हाच दौंडला आमच्या शेजारच्या चाचींची लेक शिरूरहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नाळ द्यायला ती एका पायावर तयार झाली, डॉक्टरीणबाईही हो म्हणाल्या. अडलं ते चाचींपाशी. त्यांच्याकडे वार आणि नाळ अंगणात पुरायची रीत.

"लेकराच्या अंगाचं हाय ते. असं कुणाच्या बी हातात देत्यात व्हय?"

मी साखरेची लव समजावून सांगितली. चाचींना मधुमेह.

"मला साखर बंद, आन् नळीला आतनं साखर? लई लाडाची दिसती!"

त्या हसल्या, तशी मी घाईघाईने बोलून गेले, "काम झालं की नाळ परत आणून देते." त्या बोलीवर ठरलं.

मुलगी झाली. नाळेचा डबा बर्फात ठेवून मी पुण्याची गाडी पकडली. गाडीत शेजारी बसलेल्या बाईंनी डब्यात बासुंदी आहे का म्हणून विचारलं, मी नुसती मान हलवली. या वेळी पेशी काचेच्या बशीला चिकटल्या, वाढायलाही लागल्या. मी प्रयोगशाळेत चक्क नाचले.

उरलेली नाळ घेऊन दौंडला आले. चाचींनी अंगणातला खड्डा माझ्यासाठी तसाच ठेवला होता.

"समदी आणली न्हवं?"

हो म्हणणं सोपं होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते जमेना.

"नाही, चाची. आतल्या पेशी पुण्यातच आहेत. काचेत. जिवंत आहेत, वाढतायत."

आता काही खरं नाही, असं मला वाटलं. पण चाची दाराकडे वळून लेकीला ओरडल्या, "अगं, ऐकलंस का? अजून नाव ठेवायचंय, आन् तुझी पोरगी पुण्याला शिकाया गेली बी!"