घरातल्या सगळ्यांचा हात

त्या वर्षी आमच्या घरात आई आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हते. कडाक्याचं भांडण झालं असतं तर बरं, निदान चार शब्द तरी कानावर पडले असते. पण ताट वाढलं जायचं, पाणी ठेवलं जायचं, कपडे धुतले जायचे, आणि तोंडातून शब्द नाही. मी नागपूरहून घरी गेले की बाबा दोन हातांवर बसलेले असताना आई मला सांगायची, "तुह्या बाबाले सांग, पानी तापलं." मी नसले की पाणी तापून तसंच थंड होत असणार.

दादा भंडाऱ्याहून मोटरसायकलने घरी येताना अपघातात गेला. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडले होते, आणि त्यानंतर आमच्याकडे ना श्राद्ध झालं, ना पिंड पडला. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा खटपट करून त्यांनी आमच्या आसगावजवळ बदली घेतली, आणि आल्या आल्या विहार समितीचं काम अंगावर घेतलं. आजोबांचा शब्द त्यांच्यासाठी देवापेक्षा मोठा होता असं म्हटलं तर ते माझ्यावर चिडतील, म्हणून एवढंच म्हणते की फार मोठा होता. दादाचं सगळं त्यांनी रीतसर केलं. वंदना झाली, गेलेल्याच्या नावाने होतो तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्यात पाहुण्यांची भाषणं झाली. आई पहिल्या ओळीत पदर तोंडाशी धरून बसली होती.

मग पितृपक्ष आला. शेजारपाजारच्या कवेलूंच्या छपरांवर कावळ्यांसाठी पानं ठेवली जाऊ लागली. एका सकाळी आईनेही दादाला आवडणारे लाखोळीच्या डाळीचे वडे केले, ताटलीत भात-वडे वाढले आणि ताटली मागच्या पडवीच्या छपरावर ठेवली. बाबांनी पाहिलं. ते ओरडले नाहीत. ताटली खाली उतरवली, चुलीपाशी आणून ठेवली आणि म्हणाले, "बापानं जे सोडलं ते मी उचलनार नाई." त्या दिवसापासून आई बोलायची बंद झाली, विहारात जायची बंद झाली आणि जवळजवळ जेवायचीही बंद झाली. दिवाळीत मी गेले तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

मला एकटीला ती एकदाच बोलली. "तुह्या बाबाचं सप्पा बरोबर आहे, बाई. पन इतकी वर्सं ज्याले हातानं खाऊ घातलं, त्याच्यासाठी आता ह्या हातानं काईच करू नोको म्हन्ता, तं मंग ह्या हाताचं मी करू तरी काय?"

मी रसायनशास्त्र शिकत होते, आणि बुद्धीने मी पुरती बाबांच्या बाजूची होते. पण हा प्रश्न मी नागपूरला सोबत घेऊन गेले. जो धम्म दुःखापासूनच बोलायला सुरुवात करतो, त्याच्याकडे माझ्या आईच्या दुःखाला करण्यासारखं काहीच नसावं? मला राग येऊ लागला. कोणावर ते कळत नव्हतं, म्हणून मी होस्टेलमधली संध्याकाळची वंदना सोडून दिली. आई अशीच विझत जाणार आणि बाबा आपल्या शब्दाला धरून बसून राहणार, हे मला दिसत होतं, आणि माझ्या हातात काही नव्हतं.

माझ्या खोलीत राहणारी दिलिनी श्रीलंकेची. भातशेतीच्या गावातली मुलगी, शिष्यवृत्तीवर इतक्या लांब शिकायला आलेली. घरची आठवण आली की ती नकाशा काढायची आणि जवळपास बघण्यासारखं काय आहे ते शोधायची. शनिवार-रविवार आला की मला ओढत कुठे ना कुठे न्यायची. अशीच एकदा ती म्हणाली, पवनीला जुना स्तूप आहे ना, आणि तुझं गावही तिथेच. मी टाळाटाळ केली. पवनीत बघायला काय, विटांचा ढिगारा. खरं म्हणजे मला तिला आमच्या घरात न्यायचं नव्हतं. दादा गेल्याचं तिला माहीत होतं, पण घरातल्या अबोल्याबद्दल मी तिला चकार शब्द सांगितला नव्हता. पण दिलिनीला एकदा जायचं म्हणजे जायचंच.

उमरेड, भिवापूर करत एस.टी. पवनीला पोचली. आम्ही किल्ल्याचा दरवाजा पाहिला, घाटावर बसून शेंगदाणे खाल्ले, वैनगंगेत पाय बुडवले. दिलिनीने फोटो काढून काढून माझा जीव नकोसा केला. मग स्तूपाच्या टेकडीवर गेलो. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे बोरं वेचायचो. ही मात्र चढाच्या पायथ्याशीच चपला काढून उभी राहिली. वाटेवरची चार रानफुलं तोडली, वर जाऊन त्या उघड्या विटांवर ठेवली आणि खाली बसून कपाळ टेकलं. दोन बकऱ्या तिच्याकडे बघत होत्या, आणि मीही.

उठली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. तिने आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं की तिचे वडील जाऊन या आठवड्यात वर्ष होतंय. परीक्षा चालू होती म्हणून तेव्हाही जाता आलं नव्हतं आणि आताही नाही. तिकडे तिचा भाऊ उद्या भिक्खूंना जेवण देणार आहे. "तुम्हारे घर में हो सकता है? एक भंतेजी को खाना?"

घरातला अबोला माझ्या डोळ्यांसमोर आला. पण वडिलांसाठी एवढंसं मागणाऱ्या मुलीला नाही कसं म्हणणार? लाखांदूरच्या गाडीत बसून आसगावला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर कापून रचलेले धानाचे पुंजणे बघत होते आणि आता काय होणार याचा विचार करत होते.

बाबांना मात्र आनंद झाला. भोजनदान म्हणजे त्यांच्या आवडीची गोष्ट, आणि तेही परदेशातल्या उपासिकेच्या हातून! त्यांनी लगेच कोंढ्याला फोन लावला. तिथे एक म्हातारे भन्तेजी मुक्कामाला होते, ते सकाळी यायला तयार झाले. आईने पाहुणीकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बाप नाई का वं तुले? किती लहान आहेस." दिलिनीला त्यातलं किती समजलं कोण जाणे, पण त्यानंतर ती आईला "अम्मा, अम्मा" करत तिच्या मागे मागे फिरू लागली.

रविवारी सकाळी स्वयंपाकघर पुन्हा जागं झालं. दिलिनीने तिच्या वडिलांच्या आवडीची भोपळ्याची भाजी नारळाच्या दुधात केली. आमच्या आईच्या मते ती सपक झाली होती, आणि हे तिने तोंडावर सांगून वर तिखट टाकलं. कितीतरी महिन्यांनी मी आईला कुणाच्या भाजीत ढवळाढवळ करताना पाहत होते. पण मग तिने डब्यातून लाखोळीची डाळ काढली. रात्रीच भिजवून ठेवली होती.  वडे तळल्याचा वास ओसरीपर्यंत गेला, आणि तिथे सतरंजी अंथरणारे बाबा मध्येच थांबले. त्यांचा तो ताठर झालेला चेहरा मी ओळखते. तो तसा झाला की वर्गातली पोरं चिडीचूप होत असत.

भन्तेजी आले. वंदना झाली, त्यांना वाढलं. दुपार व्हायच्या आत त्यांचं जेवण आटोपायचं असतं, म्हणून सगळे गडबडीत होते, आणि ते बरंच होतं. ते शांतपणे जेवले. वडा दोनदा मागून घेतला. बाबा भिंतीला टेकून बसले होते आणि त्या ताटाकडे बघत नव्हते.

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात दिलिनी म्हणाली, अजून राहिलंय. तिला तोटीचं भांडं हवं होतं. घरात तोटी असलेली वस्तू म्हणजे चहाची किटली. ती काळी पडलेली किटली आईने राखेने घासून दिली. दिलिनीने तिच्यात पाणी भरलं, एका ताटात रिकामी वाटी ठेवली आणि समजावलं की त्यांच्याकडे दान झाल्यावर असंच करतात. भन्तेजी गाथा म्हणतात, घरातली माणसं पाणी ओततात. आपण केलेल्या चांगल्याचा वाटा गेलेल्या माणसांना मिळो, ती सुखी असोत, एवढीच इच्छा धरायची आणि वाटी भरून वाहेपर्यंत थांबायचं नाही. भन्तेजींनी मान हलवली. ही रीत त्यांना ठाऊक होती.

दिलिनीने किटली धरली. मग वर बघून अगदी सहज म्हणाली, "अम्मा, आओ. हाथ लगाओ."

आई जागची हलली नाही. तिने बाबांकडे पाहिलं. पितृपक्षानंतर पहिल्यांदा तिने त्यांच्या डोळ्याला डोळा दिला असेल. बाबा खाली बघत राहिले. तेव्हा ती उठली, दिलिनीशेजारी बसली आणि किटलीला बोटं लावली. मीही सरकले. भन्तेजींचा आवाज सुरू झाला, पाण्याची बारीक धार वाटीत पडू लागली. आईचा हात इतका थरथरत होता की धार वाटीच्या बाहेर जात होती.

आणि त्या पोरीने, जिला आमच्या घरातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं, भिंतीकडे वळून म्हटलं, "पापा, आप भी."

मी डोळे मिटून घेतले. कुणाला शरण जावं हे मला त्या घटकेला कळत नव्हतं, पण मनातल्या मनात मी कुणाला तरी म्हणाले की आता तूच बघ, माझ्याने होत नाही. बाबा उठल्याचा आवाज आला. त्यांचे गुडघे कुरकुरतात. दार आमच्या उजव्या हाताला होतं आणि त्यांची पावलं कुठे जातायत ते ऐकायची माझी छाती नव्हती. मग किटली एकदम स्थिर झाली. डोळे उघडले तर आईच्या हाताखाली बाबांचा हात होता. त्यांनी तिचं मनगट खालून पेललं होतं. धार नीट वाटीत पडत होती. वाटी भरली, काठावर थबकली आणि चहूकडून ताटात वाहू लागली.

भन्तेजी थांबल्यावर बाबा मोठ्याने बोलले. वर्गात बोलतात ती पुस्तकी भाषा नाही, त्यांच्या आईची भाषा.

"माह्या पोरालेबी पोचू दे."

आई रडली. दादा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. बाबांनी तिचा हात सोडला नाही. दिलिनी घाबरून माझ्याकडे बघत होती, आपलं काही चुकलं की काय म्हणून.  मी तिच्या गळ्यात पडून रडत होते.

ते पाणी आईने आणि दिलिनीने अंगणातल्या पेरूच्या मुळाशी ओतलं. परत येऊन आईने डोळे पुसले, ताटं मांडली आणि थेट बाबांना म्हणाली, "जेवून घ्या. भात थंडा होऊन राहिला." बाबा जेवायला बसले, आणि वडे वाढताना आईचा हात थांबला तेव्हा त्यांनी स्वतःच ताट पुढे केलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी आपल्यापुरता खुलासाही शोधून काढला. कारणाशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. "हे श्राद्ध नोहय. जित्या मानसाले जेवू घातलं अन् पुण्य वाटून टाकलं. याले तं पुण्यानुमोदन म्हन्तेत. आपन नुसते भाषनंच करत होतो." मी म्हटलं, हो बाबा.

परतीच्या गाडीत मी दिलिनीला सगळं सांगितलं आणि विचारलं, तुला हे कोणी सांगितलं होतं का? ती चकित झाली. म्हणाली, आमच्याकडे हे एकट्याने करतच नाहीत, घरात जितके असतील तितक्यांचे हात लागतात, म्हणून बोलावलं. मी याला चमत्कार म्हणत नाही. बाबांना ते आवडणार नाही, आणि मलाही तसं म्हणायची गरज वाटत नाही. पण समुद्रापलीकडची एक मुलगी सुट्टीत स्तूप बघायला येते आणि आमच्या घराला नेमकं जे हवं होतं ते न मागता देऊन जाते, यासमोर मी हात जोडते. मी त्या रात्रीपासून पुन्हा वंदनेला बसू लागले. शरण जाणं म्हणजे बुद्धी गहाण टाकणं असं मला वाटायचं. आता वाटतं, आपल्याला एकट्याला न पेलणारं ओझं दुसऱ्याच्याही हातात देणं म्हणजेच शरण जाणं असेल.

दिलिनी शिकून आपल्या देशी गेली. त्या रविवारी आम्ही परतीच्या गाडीत बसण्याआधी आईने तिला तिच्या वडिलांचं नाव विचारून घेतलं होतं. गुणदास. तेव्हापासून दरवर्षी आमच्याकडे भोजनदान होतं, आणि पाणी ओतताना आई आधी त्या कधी न पाहिलेल्या माणसाचं नाव घेते, मग दादाचं. मागच्या वर्षी मी तिला विचारलं, "आई, खरंच पोचत असेल का गं?"

"ते मी पायत नाई, बाई," ती म्हणाली. "मी देऊन टाकते."