हा फोटो कोणी काढला?

कोणाच्याही घरी गेले, की राऊतकाका पाण्याचा पेला हातात घेण्याआधी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवत. "हा कोणी काढला?" फोटोत कोण आहे, ते नंतर. डहाणूला रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. निवृत्तीनंतर चिकूची वाडी आणि इंटरनेटवरचा मराठी मुक्त ज्ञानकोश, एवढंच त्यांचं जग. तिथलं सगळं कोणीही फुकट वापरावं असं असतं. म्हणून दुसऱ्याच्या मालकीचं चित्र काका तिथे टिकू देत नसत.

मी तलासरीचा शिक्षक. वेवजी गावच्या दिवंगत तारपावादक देवजीबाबांवर मी तिथे लेख लिहिला आणि वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो स्कॅन करून चढवला. खाली 'स्वतःचे काम' असं लिहिलं. स्कॅन मीच केला होता ना! काकांनी तो वगळायची सूचना लावली. मी लेखाच्या चर्चापानावर खोटं रेटलं, "मीच काढलाय." वर लिहिलं, "चिकूच्या वाडीत बसून आदिवासी माणसाचा चेहरा पुसणारे हे कोण?" बाकीचेही काकांवर तुटून पडले. काकांचं उत्तर एका ओळीचं : "रविवारी तलासरीला येतो."

आले, एसटीने. स्टँडवरच खिशातून त्या फोटोचं कात्रण काढलं. खाली छायाचित्रकाराचं नाव. मी विचारलं,

"हे पानावर का नाही टाकलंत?"

"टाकलं असतं तर तुम्ही पुन्हा लिहिलं नसतं, मास्तर. लेख झकास आहे."

मी पुटपुटलो, "बाबा तर वारले. दुसरा फोटो आता कुठून मिळणार? अपवाद म्हणून तरी..."

"वेवजीत जाऊन विचारलंत?"

नव्हतं विचारलं.

तसेच दोघं वेवजीला गेलो. देवजीबाबांच्या मुलीने मोबाइल पुढे केला. अंगणात तारपा फुंकणारे बाबा, गाल टम्म फुगलेले.

"हा कोणी काढला?"

"मी! दुसरं कोण?"

मला वाटलं, झालं काम. काका मात्र ओट्यावर मांडी घालून बसले. "ताई, हा दिलात की कोणीही छापेल, विकेलसुद्धा. तुम्हाला विचारणार नाही. नको वाटलं तर नाही म्हणा. आम्ही चहा पिऊन जाऊ."

तिने बराच वेळ फोटोकडे पाहिलं. "माझं नाव राहील ना खाली?"

"ते कोणी गाळायचं नाही, असा नियमच आहे."

"मग घ्या."

चर्चापानावर खरं लिहायला मला आठ महिने लागले. तोवर काका माझ्यामुळे बोलणी खात राहिले. कात्रणाबद्दल चकार शब्द काढला नाही.

गेल्या वर्षी काका गेले. ज्ञानकोशावरच्या त्यांच्या स्मृतिपानासाठी लोकांनी भराभर फोटो पाठवले. कोणी काढले, कोणालाच ठाऊक नव्हतं. मी एकही लावू दिला नाही. मग माझ्याच जुन्या मोबाइलमध्ये एक सापडला : वेवजीचा ओटा, मांडी घातलेले काका, कोपऱ्यात माझं आडवं आलेलं बोट. बोटासकट तसाच चढवला.

वर्गात ते पान उघडतो तेव्हा पोरं विचारतात, "सर, हा कोणी काढला?"

मी ताठ मानेने सांगतो, "मी."